कंट्रोल बदलण्याचा हक्क

१ नोव्हेंबर १९५६ रोजी पांढुर्ण्याची राजधानी बदलली. आदल्या दिवसापर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, पांढुर्ण्याहून शंभर किलोमीटरच्या आसपास. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. पांढुर्णा ज्यात होतं तो छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला आणि राजधानी भोपाळला गेली, दुपटीहून अधिक अंतरावर. पांढुर्णा आणि सौंसर हा मराठी बोलणारा मुलूख तेव्हापासून दोन दिशांना बघत जगतो. सोयरिकी सीमेपलीकडच्या काटोल, नरखेड, वरुड, सावनेरला होतात. संत्री आणि कापूस नागपूरच्या वाटेने जातात, मोठं दुखणं आलं तरी पेशंट नागपूरलाच नेतात. कागद मात्र भोपाळचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, कलेक्टर कचेरी जवळ आली, पण राज्याची सीमा होती तिथेच राहिली.

सरकारी मदत घेणाऱ्याला निवडीचा हक्क किती असावा, हा प्रश्न अशा सीमेवरच्या मुलखात फार स्पष्ट दिसतो. इथला माणूस रोज सीमा ओलांडतो. त्याच्या नावावर मंजूर झालेलं धान्य, उपचार, घराचे पैसे त्याच्यामागे येतात, की त्याला त्यांच्यामागे धावावं लागतं? या प्रकरणात आपण हाच प्रश्न एकेका योजनेला विचारणार आहोत.

बांधलेलं गिऱ्हाईक

सुरुवात रेशनपासून करू, कारण सर्वांत जास्त घरांचा सरकारशी दरमहा संबंध येतो तो तिथेच. पांढुर्णा-सौंसरकडे रेशनच्या दुकानाला लोक 'कंट्रोल' म्हणतात, कुठे 'सोसायटी'. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत मिळतं. मध्य प्रदेशात हा हक्क 'पात्रता पर्ची'वर नोंदलेला असतो आणि तिच्यामागे असतो समग्र आयडी: कुटुंबाचा आठ अंकी, व्यक्तीचा नऊ अंकी.

जुन्या पद्धतीत प्रत्येक कार्ड एका दुकानाला बांधलेलं होतं. दुकानदाराला क्विंटलमागे कमिशन मिळे आणि त्याच्या वाट्याची कार्डं ठरलेली असत. तो दुकान महिन्यातून दोनच दिवस उघडो, वजनात मारो, बाईमाणसाशी उर्मटपणे बोलो किंवा 'माल आला नाही, पुढच्या महिन्यात या' म्हणो, त्याचं गिऱ्हाईक कुठेच जाऊ शकत नव्हतं. तक्रार करायची तर तहसिलीला खेटे घालायचे, म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची. त्यातून काही निघालं नाही तर पुन्हा त्याच दुकानदारापुढे पिशवी धरायची. हक्क कायद्याने मिळाला होता, पण तो वसूल करण्याचा रस्ता एकाच माणसाच्या दारातून जात होता.

या व्यवस्थेत दुकानदाराचा स्वभाव हा मुख्य प्रश्न नव्हता. वाईट वागण्याची त्याला काहीच किंमत मोजावी लागत नव्हती, हा मुख्य प्रश्न होता. चांगला दुकानदार तेव्हाही होता, पण त्याच्या चांगुलपणाचा त्याला काही फायदा होत नव्हता.

'मेरी मर्जी' ते 'एक देश एक रेशन कार्ड'

बदलाची एक महत्त्वाची सुरुवात शेजारच्या छत्तीसगडमध्ये झाली. त्या राज्याने २००४ मध्ये रेशन दुकानं खासगी व्यापाऱ्यांकडून काढून पंचायती, सहकारी संस्था आणि बचतगटांकडे दिली होती. पुढे २०१२ मध्ये रायपुरात एक नवी व्यवस्था आली. दुकानात मशीन, मशीन मध्यवर्ती संगणकाला जोडलेलं आणि कार्डधारकाला शहरातल्या कोणत्याही दुकानातून धान्य घेण्याची मुभा. लोकांपर्यंत ती 'मेरी मर्जी' या नावाने पोचली.

यातली खरी करामत हिशेबाची आहे. कोणीही कुठूनही धान्य घेणार असेल तर कोणत्या दुकानात किती माल पाठवायचा? पूर्वी कार्डांच्या संख्येवरून कोटा ठरे. आता दुकानात प्रत्यक्ष किती विक्री झाली आणि किती साठा उरला, हे मशीन सांगतं आणि त्यानुसार पुढचा माल पाठवता येतो. ज्या दुकानात लोक जास्त जातात तिथे माल जास्त आणि कमिशनही जास्त. दुकानदाराच्या वागण्याला प्रथमच किंमत आली.

हीच कल्पना पुढे 'एक देश एक रेशन कार्ड' या नावाने देशभर नेली गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये आंध्र-तेलंगणा आणि महाराष्ट्र-गुजरात या जोड्यांमध्ये राज्याबाहेर धान्य उचलण्याची सोय सुरू झाली. १ जानेवारी २०२० रोजी बारा राज्यं एका जाळ्यात आली, त्यांत मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्ही होते. त्यानंतर तीनच महिन्यांत टाळेबंदी आली आणि गावापासून तुटलेल्या मजुराच्या हातातलं कार्ड परमुलखात चालणं किती गरजेचं आहे, हे साऱ्या देशाने पाहिलं. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या राज्यांना ३१ जुलैची मुदत दिली. जून २०२२ मध्ये आसाम सामील झालं आणि जाळं पूर्ण झालं.

पांढुर्णा-सौंसरसाठी याचा अर्थ नेमका काय? हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात कामाला गेलेला सौंसर तालुक्यातला मजूर नागपूरच्या दुकानात अंगठा लावून आपल्या वाट्याचं धान्य घेऊ शकतो. कुटुंबातला एकच जण बाहेर असेल तर तो आपल्यापुरतं तिथे उचलतो आणि उरलेलं घरचे लोक गावात उचलतात. उलट दिशेनेही तेच. सौंसरजवळच्या बोरगाव औद्योगिक क्षेत्रात परराज्यातून आलेला कामगार इथल्या कंट्रोलमध्ये आपला हक्क मागू शकतो. कापूस वेचणीला, संत्र्याच्या तोडणीला आलेल्या मजुरांचंही तसंच. १४४४५ हा मदतीचा क्रमांक त्यासाठीच आहे. अट एवढीच की कार्ड आधारशी जोडलेलं हवं आणि मशीनने बोट ओळखलं पाहिजे. राज्याबाहेर फक्त अन्नसुरक्षा कायद्यातलं धान्य मिळतं. राज्याने स्वतःच्या खर्चाने जोडलेल्या वस्तू सीमेच्या अलीकडेच राहतात.

१९५६ ची सीमा धान्यापुरती का होईना, ओलांडण्याजोगी झाली. ही लहान गोष्ट नाही.

जाणारे जातात, राहणाऱ्यांचं काय?

इथे थोडं थांबून एका अर्थशास्त्रज्ञाचं म्हणणं ऐकायला हवं. आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं. एखादी संस्था बिघडली की तिच्या गिऱ्हाइकापुढे दोन वाटा असतात, असं त्यांनी मांडलं: सोडून जाणं किंवा आवाज उठवणं. सोडून जाण्याची सोय असली की संस्था आपोआप सुधारेल, असं आपल्याला वाटतं. हिर्शमन यांना नायजेरियाच्या रेल्वेत वेगळंच दिसलं. तिथे मालवाहतुकीला ट्रकचा पर्याय होता, तरी रेल्वे सुधारली नाही. कारण ज्यांना वाईट सेवेचा सर्वांत जास्त त्रास होत होता आणि ज्यांच्या ओरडण्याची दखल घ्यावी लागली असती, तेच आधी ट्रककडे गेले. मागे राहिले ते गप्प बसणारे.

हे पांढुर्ण्याच्या खेड्यांना लावून पाहा. गावचं कंट्रोल वाईट आहे आणि सहा किलोमीटरवरचं चांगलं. मोटारसायकल असलेला तरुण तिकडे जाईल. तोच आधी ग्रामसभेत उभा राहून बोलत होता. आता त्याला बोलायची गरज उरली नाही. एकटी राहणारी म्हातारी, अपंग माणूस, दिवसभर वावरात राबणारी बाई आणि सातपुड्याच्या उतारावरच्या वस्तीतलं गोंड कुटुंब मात्र त्याच दुकानात राहतात, आणि आता त्यांच्या बाजूने बोलणारा कोणी नाही. त्यांच्यासाठी निवड फक्त कागदावर आहे. पंचायतीत एकच दुकान असलं तर अंतर हाच नवा दुकानदार होतो.

म्हणून दुकान बदलण्याचा हक्क देताना दोन गोष्टी सोबतच द्याव्या लागतात. ज्याला जाता येत नाही त्याच्या वतीने धान्य उचलणारा प्रतिनिधी नेमायची सोय नियमांत आहे, ती माहिती वस्तीवस्तीत पोचली पाहिजे. आणि एखाद्या दुकानातून कार्डधारक कमी होत असतील तर अन्न निरीक्षकाने त्या दुकानाला आधी भेट द्यायला हवी. मशीनमध्ये हा आकडा दरमहा जमा होतो. गिऱ्हाइकांचं निघून जाणं ही न लिहिलेली तक्रार आहे. ती वाचण्यासाठी नवा पैसा लागत नाही, इच्छा लागते.

धान्य की रोख?

दुकान निवडता येतं, हे झालं. पण वस्तूच घ्यायची की तिचे पैसे, हेही लाभार्थ्याने ठरवावं का?

हा वाद जुना आहे. अमेरिकेत मे १९३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात अन्नाची कुपनं सुरू झाली. गरजू माणूस एका डॉलरची नारिंगी कुपनं विकत घेई, तेव्हा त्याला पन्नास सेंटची निळी कुपनं फुकट मिळत. नारिंगीवर कोणतंही अन्न घेता येई, निळीवर फक्त सरकारने जादा ठरवलेला शेतमाल. दुकान कोणतं हे घेणाऱ्याने ठरवायचं. वस्तू आणि रोख यांच्या मधला हा मार्ग होता. १९६४ च्या कायद्याने तो तिथे पक्का झाला.

आपल्याकडे लोकांना काय हवं आहे, हे विचारण्याचं काम २०११ मध्ये अर्थशास्त्रज्ञ रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. नऊ राज्यांतल्या बाराशेहून अधिक कुटुंबांपैकी सुमारे दोन तृतीयांश कुटुंबांनी धान्यच हवं असं सांगितलं. त्याहून बोलका होता राज्याराज्यांतला फरक. छत्तीसगड, आंध्र, ओडिशा, हिमाचल इथे रेशन नीट मिळत होतं आणि तिथल्या बहुतेकांनी धान्य निवडलं. बिहारमध्ये तेव्हा रेशन दुकानांची अवस्था वाईट होती, तिथे निम्म्याहून अधिक लोकांनी रोख मागितली. लोक डोळसपणे बोलत होते. आपल्या गावात कोणती वाट जास्त भरवशाची, बँक किती लांब, बाजारात भाव काय, हे सगळं तोलून त्यांनी उत्तर दिलं होतं. गरिबाला निवड करता येत नाही, असं मानणाऱ्यांनी हे उत्तर नीट वाचावं.

महाराष्ट्राने २०१८ मध्ये मुंबईत आझाद मैदान आणि महालक्ष्मी या भागांत एक प्रयोग केला. कार्डधारकाने धान्य घ्यावं किंवा त्याऐवजी खात्यात रोख घ्यावी, निवड त्याची. अन्न अधिकारासाठी काम करणाऱ्या संघटनांनी त्याला विरोध केला. आज रोख हा पर्याय म्हणून येईल, उद्या दुकानच बंद होईल आणि मग पर्याय उरणार नाही, अशी त्यांना धास्ती होती.

ती धास्ती उगाच नव्हती, हे सीमेपलीकडे लवकरच दिसलं. मराठवाडा आणि विदर्भातल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांमधल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना स्वस्त धान्य मिळत असे. ते थांबलं आणि २०२३ पासून त्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये खात्यात देण्याचा निर्णय झाला. या जिल्ह्यांत पांढुर्ण्याचा शेजारी अमरावती आहे, आणि वर्धाही. माणशी पाच किलोचा हिशेब धरला तर किलोला ३० रुपये झाले. पुढच्या वर्षी रक्कम १७० झाली. पण ती वाढते शासन निर्णयाने आणि बाजारातला भाव वाढतो आपल्या गतीने. या दोहोंतलं अंतर शेतकरी कुटुंबाने आपल्या पदरचं भरायचं.

मुंबईतला प्रयोग आणि चौदा जिल्ह्यांतला निर्णय, दोन्हींत खात्यात रोखच येते. पण एकात माणसाला विचारलं गेलं, दुसऱ्यात कळवलं गेलं. निवडीच्या नावाखाली एक वाट बंद करून दुसरी उघडणं म्हणजे निवड देणं नाही. जुनी वाट चालू राहिली, नवीत नुकसान झाल्यास परत फिरता आलं, आणि रकमेला भावाशी बांधलं, तरच तिला निवड म्हणता येतं.

रोख मुळातच वाईट, असं यातून निघत नाही. मध्य प्रदेशात जून २०२३ पासून लाडली बहना योजनेचे पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात येतात, सुरुवातीला हजार, त्याच वर्षी पुढे १,२५० रुपये. ते मुलाच्या वहीवर खर्च करायचे, औषधावर की बी-बियाण्यावर, हे सरकार विचारत नाही. कोणतीही वस्तू काढून न घेता आलेली अशी रोख माणसाच्या हाती खरोखरची मोकळीक देते.

'मेडिकल'ला जाण्याची मुभा

आता दवाखाना. पांढुर्णा-सौंसरच्या माणसाला 'मेडिकल' कुठे आहे हे सांगावं लागत नाही. १९४७ मध्ये स्थापन झालेलं नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे मेडिकल, आणि तिथलंच दुसरं सरकारी रुग्णालय मेयो. या दोन नावांवर इथल्या कित्येक पिढ्यांनी भरवसा ठेवला आहे. पण सरकारी आरोग्य योजना राज्याच्या सीमेत अडकली की पेशंटला नागपूर सोडून भोपाळ-जबलपूरकडे न्यावं लागतं किंवा नागपुरात खिशातून भरावं लागतं.

२००८ मध्ये आलेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेने एक वेगळी रचना केली. कुटुंबाने ३० रुपये भरून स्मार्ट कार्ड घ्यायचं आणि ३० हजारांपर्यंतच्या उपचारासाठी यादीतल्या सरकारी किंवा खासगी रुग्णालयांपैकी कोणतंही निवडायचं. सप्टेंबर २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजना आली, तिने ही मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाखांवर नेली आणि देशभरातल्या सूचीबद्ध रुग्णालयांत कार्ड चालेल असं ठरवलं. मध्य प्रदेशाचं कार्ड नागपुरात चालणं, ही इथल्या लोकांसाठी आरोग्यातली मोठी गोष्ट आहे.

पण धान्य आणि उपचार यांत एक मूलभूत फरक आहे. गव्हात खडे आहेत की नाहीत, हे कोणालाही दिसतं. शस्त्रक्रियेची गरज आहे की नाही, हे पेशंटला कळत नाही. तो घाबरलेला असतो, नातेवाईक घाईत असतात आणि कोणतं रुग्णालय कोणत्या आजारासाठी सूचीबद्ध आहे हे बहुतेकांना ठाऊक नसतं. परराज्यातल्या पेशंटचे पैसे त्याच्या मूळ राज्याच्या यंत्रणेकडून यायचे असतात, त्यामुळे काही रुग्णालयं टाळाटाळ करतात. अशा वेळी निवड पेशंटच्या हातून निसटते आणि ओळखीच्या मध्यस्थाकडे जाते. म्हणून पांढुर्णा आणि सौंसरच्या सरकारी रुग्णालयांत नागपुरातल्या सूचीबद्ध रुग्णालयांची, आजारवार आणि ताजी यादी मराठी-हिंदीत लावलेली हवी. रवाना करण्यापूर्वी तिकडे फोन करून खाट आणि मंजुरीची खात्री करून देणारा माणूस हवा. धान्याच्या बाबतीत मुभा पुरते. उपचारात मुभेसोबत वाटाड्या लागतो.

घर आणि काळजीवाहू

लोकांवर विश्वास टाकल्याचं एक उदाहरण आपल्या गावागावांत उभं आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत मैदानी भागात १ लाख २० हजार रुपये हप्त्यांनी घरमालकाच्या खात्यात येतात. बांधकामात सरकारने ठेकेदार नेमायचा नाही, असा नियम आहे. घर किमान २५ चौरस मीटरचं हवं, स्वयंपाकाच्या जागेसह. ओसरी किती, दार कोणत्या दिशेला, कापूस ठेवायला जागा सोडायची का, हे घरातले लोक ठरवतात. रक्कम अपुरी पडते ही तक्रार खरी आहे. पण आपलं घर कसं असावं, हे परक्याने ठरवलेलं नसतं.

हीच दृष्टी इंग्लंडमध्ये आणखी पुढे गेली. तिथे अपंग माणसांच्या मदतीला कोण येणार, किती वाजता येणार, हे नगरपालिका ठरवत असे. अपंगांच्या चळवळीने अनेक वर्षं झगडून १९९६ मध्ये कायदा मिळवला. मदतनीस पाठवण्याऐवजी पैसे त्या माणसाला द्यावेत आणि आपला मदतनीस त्याने स्वतः नेमावा, असा तो कायदा. सकाळी कधी उठायचं हे स्वतः ठरवण्याचा हक्क त्यातून आला. त्यातला मोलाचा धडा असा, की पैशासोबत हिशेब ठेवायला, माणूस शोधायला मदत करणाऱ्या अपंगांच्याच संस्था जिथे होत्या, तिथे ही व्यवस्था रुजली.

कोणत्याही योजनेला विचारायचे चार प्रश्न

या सगळ्यातून हाती लागतं ते एवढं. निवड ही सरकारने केलेली मेहेरबानी नाही. वाईट सेवेला 'नको' म्हणून दुसरीकडे वळता येणं, ही गरिबाच्या हातातली ताकद आहे. ती खरी आहे की नुसती जाहिरात, हे ओळखायला चार प्रश्न पुरेत. दुसरा पर्याय पायी किंवा एसटी-बसने गाठण्याजोगा आहे का? पर्यायाची पूर्ण माहिती माणसाच्या भाषेत, त्याच्या गावात मिळते का? पहिली वाट चालू आहे का आणि तिच्यावर परतता येतं का? आणि जो कुठेच जाऊ शकत नाही, त्याच्यासाठी काय केलं आहे?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. शाळाप्रवेशाचंच बघा. शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांना ठेवल्या आणि मध्य प्रदेशात पालक ऑनलाइन अर्जात शाळांची पसंती देतात. पांढुर्णा शहरातल्या पालकाला त्यात निवड मिळते. ज्या खेड्यात एकच सरकारी शाळा आहे, तिथल्या मुलाची निवड म्हणजे त्या शाळेचा दर्जा, दुसरं काही नाही. निवडीची व्यवस्था कितीही चांगली केली तरी प्रत्येक गावातली शेवटची शाळा, शेवटचं कंट्रोल आणि शेवटचा दवाखाना चांगला ठेवण्याची सरकारची जबाबदारी कमी होत नाही.

पांढुर्णा हा नवा जिल्हा आहे. त्याच्या कचेऱ्यांच्या सवयी अजून घट्ट झालेल्या नाहीत. कोणत्या दुकानातून लोक दुसरीकडे जातात, कोणत्या वस्त्यांतून कोणीच कुठे जाऊ शकत नाही आणि नागपूरला गेलेल्या किती पेशंटना कार्ड असूनही पैसे भरावे लागले, या तीन गोष्टी दरवर्षी ग्रामसभेपुढे ठेवल्या, तर ज्यांच्यासाठी योजना आहेत त्यांना त्या तपासता येतील. १९५६ मध्ये इथल्या माणसांना कोणी विचारलं नव्हतं की तुम्हाला कोणत्या बाजूला राहायचं आहे. आज त्यांच्या धान्याबद्दल, उपचाराबद्दल आणि घराबद्दल त्यांना विचारता येतं. विचारलंच पाहिजे, आणि त्यांनी दिलेलं उत्तर पाळलंही पाहिजे.